आसरांची पहिली घागर

मुक्काम जालना
चैत्र शुद्ध द्वादशी, शके १८५७

तीर्थस्वरूप कारभारीमामा पाटील, आणि बद्रीनाथ गुरुजी हे पत्र मोठ्याने वाचत असताना ओसरीवर, पायऱ्यांवर आणि समोरच्या लिंबाखाली बसून ऐकणारे समस्त जांभळवाडीकर बंधुभगिनींनो,

आपल्या सगळ्यांचं एक गाऱ्हाणं आहे आणि ते आपण कुणीच कुठे मांडत नाही. दर उन्हाळ्यात, नेमकी नांगरट करायच्या दिवसांत, आपल्या घरातला एक धडधाकट माणूस खाटेला खिळतो. आधी पायाला खाज, मग आग, मग फोड, आणि फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकावतो. नारू! मग रामकिसन न्हावी येतो, तो दोरा काडीला गुंडाळतो, रोज दोन बोटं ओढतो, आणि महिनाभर आपण त्या काडीची राखण करत पाय पुढे काढून बसतो. बैल मोकळे, औत उभं, आणि धनी काडी सांभाळतोय! माझ्या स्वतःच्या डाव्या घोट्यावर अशा तीन खुणा आहेत. तुमच्यात ज्याला एकही नसेल त्याने हात वर करावा. (गुरुजी, इथे जरा थांबा आणि सभोवार पाहा.)

कुणाचाही हात वर गेला नाही, हे मी जालन्यात बसून सांगतो.

आणि या नारूला आपण काय म्हणतो? नशीब म्हणतो. पाण्यातल्या साती आसरांचा कोप म्हणतो. वांगी जास्त खाल्ली म्हणतो. मित्रहो, मी हैदराबादेत चार वर्षं शिकलो, मिळतील ते ग्रंथ वाचले, आणि छातीवर हात ठेवून सांगतो की वांगी निर्दोष आहेत! नारू येतो पाण्यातून. ज्याचा पाय फुटला आहे तो माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो. नारूची मादी त्याचीच वाट पाहत असते. पाय भिजला की ती हजारो पिलं पाण्यात सोडते. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारी एक पिसू असते, ती ही पिलं गिळते. ती पिसू घागरीतून आपल्या पोटात येते. आणि पुरतं एक साल झालं की आपल्या पायातून पुन्हा तोच दोरा! हा शोध माझा नाही. मोठ्या लोकांनी तो कधीच लावला आहे. जांभळवाडीपर्यंत तो आणायचं काम तेवढं माझ्याकडे आलं आहे.

होय, काम! कळवायला आनंद होतो की हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने नारूच्या संशोधनासाठी जालन्यात केंद्र उघडलं असून तिथे संशोधक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. केंद्र प्रशस्त आहे. हाताखाली माणसं आहेत. नेमणूक सध्या सहा महिन्यांची आहे. त्या मुदतीत मला एक तरी गाव असं मिळवायचं आहे की जे वर्षभर बारवेत पाय घालणार नाही. आज तिथले नारू मोजायचे, पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा मोजायचे. असं गाव मिळालं तर नेमणूक कायम, नाही मिळालं तर मी घरी. ते गाव जांभळवाडी असावं अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी माझ्या सात मागण्या आहेत. त्या वेगळ्या कागदावर जोडल्या आहेत. (गुरुजी, त्या वाचताना आवाज चढवा. पाचवीला विशेष.)

आता मामा, फाल्गुनातल्या त्या प्रसंगाविषयी. आपल्या लेकीच्या, नंदाच्या, डोहाळजेवणाच्या पंगतीत मी उभा राहिलो, पाण्याचा तांब्या उंच धरला आणि "तुम्ही पाणी नव्हे, किडे पिता आहात" असं म्हणालो, हे खरं आहे. दोनशे माणसं पुरणपोळीवरून उठली, हेही खरं आहे. तुम्ही म्हणालात, "जावईबापू, पुन्हा माझ्या बारवेचं नाव काढायचं आसंल तर या गावची शीव वलांडू नका." मी शीव ओलांडलेली नाही. हे पत्र ओलांडत असेल तर तो टपाल खात्याचा दोष.

आपला जावई
रामराव

ता. क. नंदाला पाणी दुहेरी मलमलीतून गाळून द्यावं. मलमल सोबत आहे. (गुरुजी, हा ता. क. मोठ्याने वाचू नये.)


मुक्काम जालना
चैत्र वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप मामा आणि समस्त ओसरी,

तुमचं कार्ड गुरुजींच्या अक्षरात पावलं. "पत्र मिळालं. लांब हाय. नंदा खुशाल. मलमल चांगली निघाली, गोजरबाईनं बाळाची चार टोपडी शिवली." एवढाच मजकूर. सासूबाईंच्या हातच्या शिवणकामाबद्दल मला आदर आहे, पण मामा, ती मलमल डोक्यावर घालायची नव्हती! पुन्हा पाठवतो आहे. या वेळी रंग मुद्दाम असा निवडला आहे की त्याचं टोपडं शिवावंसं कुणालाही वाटणार नाही.

कार्डाच्या कडेला गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिलं आहे की "हात वर करा" म्हटल्यावर कडूबाने हात वर केला. तो म्हणाला, "मला एक न्हाई. मला आठ झाल्ते." आणि सगळी ओसरी हसली. कडूबा, मी तुझ्या त्या हाताचा गौरव करतो. आठ नारू सोसून जो हसू शकतो त्याच्या जोरावर राष्ट्रं उभी राहतात.

माझ्या सात मागण्यांबद्दल कार्डात अक्षरही नाही. हरकत नाही. सत्य थांबत नसतं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. वडीगोद्रीच्या बाजूची पाच गावं मी गेल्या आठ दिवसांत पालथी घातली. दोनशे चौदा घरं! प्रत्येक गावात आधी पारावर सभा, मग घरोघर वही घेऊन चौकशी. एका गावात दीड तास बोललो. म्हातारी माणसं उठून गेली नाहीत. (त्यातले दोघे झोपले होते असं नंतर कळलं, पण ते उठून गेले नाहीत.)

आणि निकाल ऐका! पाणी गाळता का? दोनशे चौदा घरांत "गाळतो". फुटलेला पाय बारवेत घालता का? दोनशे चौदा घरांत "कदापि नाही". मामा, जिभेत केवढी शक्ती असते पाहा. एका आठवड्यात पाच गावं सुधारली आणि माझा संशोधनाचा पाया घातला गेला. ही वही घेऊन माझे उस्ताद डॉक्टर सिराजोद्दीन यांच्यापुढे मी उभा राहीन तेव्हा हैदराबादेत काय खळबळ उडेल याची कल्पना करून मला आत्ताच संकोच वाटतो आहे.

जांभळवाडीने मागे राहू नये एवढंच सांगतो. शेजारची गावं पुढे गेली की उरलेल्या गावाला लोक नावं ठेवतात.

आपला जावई
रामराव


मुक्काम जालना
वैशाख शुद्ध तृतीया

तीर्थस्वरूप मामा आणि ओसरीवरची मंडळी,

आज आखिती. घराघरात पाण्याचा कऱ्हा पुजला असेल, आंब्याचा रस झाला असेल. मी कण्या खाल्ल्या. का, ते सांगतो. मी लोकांपुढे नेहमी सत्याच्या गोष्टी करतो, तेव्हा माझ्यावर बेतलं म्हणून सत्य गिळता येत नाही.

परवा डॉक्टर सिराजोद्दीन हैदराबादहून आले. बारीक अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी माझी वही घेतली, चष्मा पुसला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग विचारलं, "रामराव साहब, इन पाँच गाँवों में कोई झूट नहीं बोलता?"

"जी नहीं. मैंने सब को समझाया था."

"पूछने से पहले, या बाद में?"

"पहले."

त्यांनी वही मिटली. पुन्हा उघडली. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "ये चरवाहा. इसका जवाब जरा पढ़िए."

मी वाचलं. एका गावातल्या शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं होतं की पाणी कसं पिता. त्याचं उत्तर मी अक्षरशः उतरवलं होतं: "जलशुद्धी हीच राष्ट्रशुद्धी."

मामा, हे मोठ्याने वाचताना माझ्या कानाची पाळी गरम झाली. ते वाक्य माझं होतं. माझ्या भाषणाचा शेवट मी त्यावरच करतो, टाळी तिथेच पडते. म्हाताऱ्याने ते माझ्याकडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मलाच परत दिलं, आणि मी पुरावा म्हणून लिहून घेतलं! पुढची पानं चाळली तर सगळीकडे तेच. निरक्षर बाया "कदापि" म्हणत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "मियाँ, ये दो सौ चौदा घर नहीं हैं. ये एकच आदमी है, दो सौ चौदा बार. और वो आदमी आप हैं." मग अगदी सहज विचारलं, "सब छान के पीते हैं तो नारू किस को होता है? बैलों को?"

बाहेर मोतद्दार लालमियाँ घोड्याला खरारा करत होता. तो हसला. घोडाही फुरफुरला, पण त्याला मी दोष देत नाही.

आता या प्रसंगी आणखी एक-दोन गोष्टी साफ करतो. केंद्र प्रशस्त आहे असं मी लिहिलं होतं. केंद्र म्हणजे दवाखान्याच्या तबेल्यापुढची पडवी आहे. प्रशस्त आहे ती घोड्यासाठी. हाताखाली माणसं आहेत असंही लिहिलं होतं. माणूस एकच, लालमियाँ, आणि तो घोड्याच्या हाताखाली आहे. माझ्याकडे वही, एक भिंग, बाटल्या धुवायचं काम आणि कण्यांपुरता पगार आहे.

डॉक्टर गेले नाहीत, रागावलेही नाहीत. रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी खिशातून एक सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "पंद्रा दिन. कोई सभा नहीं. जहाँ नारू निकालते हैं वहाँ जा के बैठो. पाँव गिनो, नाम मत गिनो. बोलने को जी चाहे तो सुपारी इधर से उधर करो." मी म्हणालो, लोकांना सांगितलं नाही तर ते सुधारतील कसे? ते म्हणाले, "सुधारना बाद में. पहले मालूम तो हो के करते क्या हैं."

माझ्या सहा महिन्यांतला एक जवळजवळ गेला. पाच गावांचे आकडे चुलीत गेले. पुन्हा तिथे जायची सोय नाही, कारण त्या लोकांना आता सगळी उत्तरं पाठ आहेत. उरलं एक गाव, ज्याने माझं भाषण अर्धवट ऐकलं आणि जेवणावरून उठून गेलं. म्हणजे तुमचं.

आपला जावई
रामराव

ता. क. दुसरी मलमल पावली का? रंग मुद्दाम शेणासारखा घेतला होता.


मुक्काम राजूर
वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप मामा आणि मंडळी,

कार्ड पावलं. दुसऱ्या मलमलीचं दिवाळीला पणत्या पुसायचं फडकं होणार, हे वाचून संतोष झाला.

काल चतुर्थी होती, म्हणून राजूरला गणपतीच्या दर्शनाला आलो. गर्दी बरीच होती. जांभळवाडीची मंडळी भेटली. सगळे खुशाल आहेत. ऊन फार आहे. रामकिसन न्हावी देवळाच्या मागच्या बाजूला बसतो तिथे मी थोडा वेळ बसलो होतो.

विशेष काही नाही.

मागण्यांबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. गुरुजी, आवाज चढवण्यासारखं काही नाही. पत्र संपलं. होय, एवढंच आहे. मागचं पान पाहू नका, कोरं आहे.

आपला जावई
रामराव


मुक्काम राजूर
वैशाख वद्य सप्तमी

मामा,

हे पत्र टपालाने पाठवलं नाही. लालमियाँ घोडा घेऊन येतो आहे, तो आपल्याच हातात देईल. गुरुजींना देऊ नका. नंदाने मला एक गोष्ट कळवली आहे, कुणाला सांगणार नाही या अटीवर. दुपारी सगळे निजले की माजघरात आपण तिच्याकडून अक्षरं शिकता. पाटी पुसून धान्याच्या कणगीमागे ठेवता. गुरुजी माझी पत्रं वाचताना मधली वाक्यं गाळतात आणि आपली घालतात असा आपल्याला संशय आहे, म्हणून. संशय खरा असावा. "रामराव हा माझाच शिष्य" असं वाक्य मी कधी लिहिलेलं नाही.

म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. अवघड शबुद टाळले. एखादं अडलं तर नंदाला विचारा.

चवथीला मी रामकिसनजवळ तीन तास बसलो. तोंडात सुपारी. एक शबुद बोललो नाही. रामकिसन एकेकाचा पाय मांडीवर घेई, काडी फिरवी आणि माझ्याकडे बघे. शेवटी त्याला राहवेना.

"जावईबापू, आज काहून गप? पोट दुखून राह्यलं का?"

मी मान हलवली.

"मंग भाषण?"

मी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

तो म्हणाला, "आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं गप बसू नये हो. हाताला चुकल्यावानी होतं." आणि मग तोच बोलू लागला. मामा, आजवर मी कितीक सभा गाजवल्या, पण कुणी मला एवढं सांगितलं नव्हतं. कुणाच्या घरी किती नारू, कोण पाणी कुठून आणतं, सगळं. मी फक्त वहीत रेघा ओढत होतो.

कडूबा तिथेच होता. नववा नारू. तो म्हणाला, "रामराव, तुमचं त्या दिवशीचं बोलनं ध्यानात हाय बरं का. पोळीवरून उपाशी उठलो, मंग इसरतो कसा? आता पाय फुटला तवापासून बारवेत उतरलो न्हाई. बायकूच पानी आनती. आमच्या आळीत कुनीच फुटका पाय घालत न्हाई."

मी दुसऱ्याला विचारलं नाही, पण दुसराही तेच बोलला. तिसरी बाई तेच बोलली. त्यांनी माझे शबुद वापरले नाहीत, म्हणून खरं वाटलं. पंधरा पाय मोजले, आणि पंधराही काठावर थांबतात. मामा, मला नाचावंसं वाटलं. गाव मिळालं! आपल्याला विचारायच्या आधीच मिळालं!

मग रामकिसन काडी खाली ठेवून म्हणाला, "पंधरा इथं आले. सोळावा घरीच हाय. मला बोलावलं न्हाई. म्या नाव घेत न्हाई."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मोठं घर हाय. पहाटं सगळ्यांच्या आधी बारवेत उतरत्यात. गुडघाभर पान्यात उभं राहून आसरांची पहिली घागर भरत्यात. त्या घागरीबिगर गावात कुनी पानी भरीत न्हाई. पाच पिढ्यांचा मान हाय, सोडतील कसा?"

मी सुपारी पुन्हा या गालातून त्या गालात नेली.

"आन् दाखवतील तरी कुनाला? तुमी पंगत उठवून गेल्ते, तवा मागं ते बारवेकडं हात करून सगळ्यांसमोर बोलले, माझ्या पान्यात नारू आसंल तर आधी माझ्याच पायाला होऊ दे. झाला की! आता धोतर घोट्याखाली सोडून हिंडत्यात. इचारलं तर म्हनत्यात, पाय मुरगळला."

मामा, मी ती सुपारी अख्खी गिळली.

ती शपथ मला ठाऊक नव्हती. मी त्याआधीच तावातावाने शीव ओलांडून गेलो होतो, कारण मला वाटत होतं मी जिंकलो. तिथे आपण माझ्या भाषणाला उत्तर म्हणून आपला पाय पणाला लावत होता. मी तांब्या उंच धरला नसता तर आपण शपथ घेतली नसती. त्या दोनशे लोकांपुढे मला आपली माफी मागायची आहे. ते नंतर. आधी हा हिशोब वाचा, सावकाश वाचा. माझ्या नव्या धंद्यातला हा पहिला हिशोब आहे जो कुणाच्या तरी कामाला येईल.

नारू पोटात गेला की पायातून निघायला एक साल घेतो. पुरतं साल. दहा महिने, फार तर चौदा. तीन महिने कधीच नाही. आपण शपथ घेतली फागुनात. आज वैशाख आहे. आपला नारू पोटात गेला तो मागच्या उन्हाळ्यात. तेव्हा डोहाळजेवण नव्हतं, भाषण नव्हतं, माझं लगीनसुद्धा झालं नव्हतं. मी जावई होणार हेच तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, मग माझ्याशी पैज हरण्याचा सवालच कुठे येतो?

तेव्हा ही शपथ खरी झाली असं मनातून काढून टाका. आसरा रागावल्या नाहीत. नारूला कान नसतात. तो शपथ ऐकत नाही, भाषणही ऐकत नाही. त्याने गावातल्या सोळा माणसांचा पाय धरला, त्यात एक पाय पाटलाचा. बस, एवढंच. लपवण्यासारखं त्यात काही नाही. रामकिसनला बोलवा. लाज वाटत असेल तर दाढी करायला बोलवा, तो समजेल. नंदाने लिहिलंय की हळद लावून बांधलेला फडका ती रोज बदलते. हो, तिनेही कळवलं. तिच्यावर रागावू नका, तिने वर एवढंच लिहिलं की आबा रात्री कण्हतात.

आता माझं. मी डॉक्टरांना पंधराच पाय कळवले. वहीत पंधरा लिहून रेघ मारली. दोन दिवस ती रेघ बघतो आहे. पाच गावांत मी खोटं लिहिलं तेव्हा मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. हे माहीत आहे. नारूचा अभ्यास करायला निघालेला माणूस आणि पहिल्याच खऱ्या वहीत एक पाय लपवतो! डॉक्टर नाव विचारत नाहीत, पाय विचारतात. आज मी सोळा करतो आहे. नाव नाही, घर नाही, फक्त सोळावी रेघ. आपल्याला न सांगता ती ओढली असती तर ती चोरी झाली असती, म्हणून सांगतो.

आणि नोकरीचंही खरं सांगतो. जीव तिच्यात अडकला आहे. बाटल्या धुतो, पडवीत निजतो, घोड्याची चेष्टा सोसतो, पण मामा, भिंगाखाली पहिल्यांदा ती पिसू हलताना पाहिली तेव्हापासून मला दुसरं काही करावंसं वाटत नाही. सभाही नाही. हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही. तरीपण आज ही गोष्ट नोकरीसाठी मागत असेन तर देऊ नका. नंदा तीच घागर पिते. आठ-पंधरा दिवसांत तिच्या कुशीत आपलं नातवंड असेल आणि त्याला पहिलं पाणी त्याच बारवेचं मिळेल. पंधरा फुटके पाय काठावर थांबतात. सोळावा रोज पहाटे, सगळ्यांच्या आधी, हात जोडून, मोठ्या भक्तीने पाण्यात उतरतो.

मान सोडा असं मी म्हणत नाही. पहिली घागर आपलीच. साती आसरांना ती आपल्याच हातून हवी. त्यांना तहान पाण्याची आहे, पाटलाचा पाय भिजला पाहिजे असं त्यांनी कुणाच्या अंगात येऊन सांगितल्याचं मी ऐकलं नाही. सासूबाईंना विचारा, त्यांनीही ऐकलं नसेल.

माझ्या त्या सात मागण्या फाडून टाका. पाचवी, बारवेला कुलूप घालायची, विशेषकरून. मला कुलूप नको, ठराव नको, पंचायत नको. आपल्या गावात पाटलाच्या आधी बारवेत कुणी उतरत नाही. मग पाटील उतरलाच नाही तर कोण उतरेल? कडूबा सांगतो की त्याची बायको वरूनच पाणी शेंदायची वाट बघते आहे. चाळीस पायऱ्या घागर घेऊन चढताना तिचे गुडघे बोलतात. कुणी विचारलं, काहून वरून? तर सांगा, पाय मुरगळला. मी ते कुठेही खोडून काढणार नाही.

मामा, उद्या पहाटे पायरी उतरू नका. काठावर उभे राहा, घागरीच्या गळ्याला दोरी बांधा, आणि आसरांचं नाव घेऊन ती वरूनच पाण्यात सोडा.

रामराव